गिरणीच्या इंजनाची वरात

...अन् या बायाइले हटव म्हने! मले! मी वराती मानूस जी, नवं धोतर नेसलेलो, अन् हा मनसाराम, सोता नवरदेव, मुंडावळ्या बांधून स्टेरिंगवर बसलेला, मलेच म्हनते, इस्तारी, उतर खाली, बायाइले रस्त्यातून हटव. कशा हटतीन? पंधरा बाया, पंधरा टोपले, अन् टोपल्याइत धान. त्या काई वरात पाहाले आल्या नोत्या, गिरणी आली म्हनून आल्या होत्या. त्याइची का चूक? इंजनाले का माईत, आपन मोटारीत बसलो म्हनून!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. मनसाराम म्हंजे आमच्या नागभीडचा मिस्त्री. हात गुणी, पन बूड एका जागी टेकन तं शपथ. जेवाले बसला तरी डाव्या हातात पाना. अन् खोड अशी का जे इंजन जिथी हाय तिथी त्याले पाहावतच नाई. याच्यातलं काढ, त्याच्यात बसव. एकडाव विहिरीवरचं इंजन काढून लाकूड कापायच्या आऱ्याले लावलं, तं आरा असा पळाला का मालक अजून त्याच्याजोळ जात नाई... जाऊ द्या, ते येगळं.

तं याचं लगन ठरलं पळसटोल्याच्या गुणवंतरावाच्या प्रेमिलाशी. पोरीले हा आवडे, याले पोरगी आवडे, पन बापाचा भरोसा नाई. कसा राहीन? साक्षगंधाले हा दुसऱ्या दिवशी पोचला होता, काऊन तं वाटेत कोनाची तरी मोटार बंद पडलेली दिसली! गुणवंतरावानं सगळ्याइसमोर सांगतलं, "गोरजाच्या मुहूर्ताले आला तं पोरगी तुही. नाई आला तं शालिकराम मास्तर मंडपात बसलाच हाय. त्याच्याजोळ घड्याळ हाय."

आता बापा, शहाना मानूस काय करन? दमनीले बैल जुपन अन् सकाऊनच निंगन. पन नाई! म्हने बैलं जुपून तं सारेच जातात, मी माह्या हातच्या मोटारनं जाईन. जर्मनची लढाई सरून अकरा-बारा वर्स झाले होते, तवाची एक लष्करी लारी लाकडाच्या ठेकेदारानं झाडाखाली टाकून देली होती, तिचं पेट्रोलचं इंजन मेलेलं. अन् आमचा लटारू गिरणीवाला म्हातारा झाला म्हनून गिरणीले कुलूप लावून लेकीकडं कोरपन्याले गेला होता. दोन महिन्यापासून साऱ्या पट्टीत धान सडाले, म्हंजे तांदूळ काढाले, गिरणी नाई. बाया पुन्हा मुसळावर आल्या. मनसारामनं काय केलं असन? गिरणीचं जुनं डिझेल इंजन उचललं अन् देलं लारीत बसवून!

लटारूनं जाताना इंजन देलं तवाच सांगतलं होतं, बाबू, वीस वर्स धान सडलं यानं, याले दुसरं काई येत नाई. पन आयकते कोन. दोन महिने हा इंजनाले काडी लावून काडीच्या टोकाले कान लावून बसे, डॉक्टर छाती तपासते तसा. सायकलच्या सीटची स्प्रिंग काढून इंजनाची चाल, म्हंजे वेग, बांधली, पंप खोलला, पुन्हा बांधला, पुन्हा खोलला. इंजन वजनदार, समोरून लारी बसे, मागची चाकं अधर होत, म्हनून मांग वजन पाह्यजे. तं मांग काय ठेवलं? त्याच गिरणीचा धान सडायचा हलर! म्हने, वजनच तं पाह्यजे, कोनतंबी चालते.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट, डबा! आमच्याइकडं गिरणीच्या धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा उलटा टांगतात. गिरणी सुरू झाली का तो पुक्कूऽ पुक्कूऽ बोंबलते, दोन कोसावर आवाज जाते, अन् बाया टोपले उचलतात. तो डबा यानं तसाच ठेवला. मी म्हनलं, काढ. तं म्हने, नोको, त्याच्यातच इंजनाचा सूर हाय.

निंगालो दुपारी. पुक्कूऽ पुक्कूऽ करत पहिल्या गावाले गेलो, तं पंधरा बाया आडव्या! मंगली नावाची एक होती, तिनं दोन्ही हात मनसारामच्या नाकासमोर धरले. "हे फोड पाह्य. दोन महिन्यापासून मुसळ उचलून राह्यलो, अन् तू गिरणी घेऊन पळून राह्यला?" याची मान खाली. उद्या येतो म्हनून कसंबसं निसटलो. पुढच्या गावात पंचवीस! सूर्य तं थांबत नाई जी, त्याले कोनाच्या लगनाचं का पडलं हाय. मनसाराम सारखा सूर्याकडं पाहे, मंग नळीकडं पाहे, सीटवर असा चुळबुळ करे का मले वाटलं हा आता लारीच्या समोर पळत जाईन. शेवटी मीच म्हनलं, लेका, डबा काढ. काढला. अन् इंजन दोनदा खोकललं अन् बंद! काऊन? तं डबा लावूनच चाल बांधली होती त्यानं! डब्याबिगर त्याले धूरच टाकता येईना. अर्धा तास गेला, डबा पुन्हा चढला, अन् पुन्हा पुक्कूऽ पुक्कूऽ. इंजनाले का माईत, आपन मोटारीत बसलो म्हनून!

मंग झालं असं, का बाया हटवनंच सोडून देलं. लारीची चाल एकच, बैलाएवढी. पहिल्या गावच्या पंधराबी येऊन भेटल्या, अन् साऱ्याच आमच्या मांगं चालू लागल्या. समोर नवरदेव, मांगं चाळीस बाया डोक्यावर धान घेऊन. अशी वरात कोनी पाह्यली का?

पळसटोल्याले पोचलो तवा गाई कवाच्या गोठ्यात गेल्या होत्या. मंडपात शालिकराम मास्तर, घड्याळाकडं पाहून राह्यलेला. गुणवंतराव आडवे उभे. मनसाराम खाली उतरून त्याइच्या समोर उभा राह्यला. मुंडावळ्या डिझेलनं काळ्या, डोळ्यात पानी.

तेवढ्यात माजघरातून प्रेमिला बाहेर आली. हळदीच्या अंगानं, दोन्ही हाताइले फोड. अहो, तिच्या घरीबी लगनाचं धान सडून झालं नोतं! नवरी सोता मुसळ घेऊन बसली होती, पावणे उपाशी, अन् भाताचा पत्ता नाई. तिनं एकडाव लारीकडं पाह्यलं, एकडाव मंडपाकडं.

"मास्तर," म्हने, "तुमच्या घड्याळानं धान सडते का?"

तिची माय रुखमाबाई म्हने, मुहूर्त गेला तं पहाटचा हाय, भात गेला तं इज्जत जाते. गुणवंतरावानं सोता लारीचा आख ओंडक्यावर टेकवून मागचं चाक अधर केलं, हलर खाली उतरवला, चाकावर पट्टा घातला. अन् काय सांगू तुम्हाले, दोन महिन्यात पहिल्यांदा त्या इंजनानं काळा धूर नाई टाकला. असं गोड चाललं, असं गोड चाललं!

पहाटी लगन लागलं. मनसाराम म्हने, चाळीस टोपले झाले का निंगतो. चाळीसचे साठ झाले. मंग म्हने उद्या. आता वर्स झालं. चाक अजून अधरच हाय, सीटखाली कोंबडी अंडे देते, अन् हा मोटारवाला व्हाले निंगालेला मानूस सासऱ्याच्या दारात कोंड्यानं पांढरा होऊन बसला हाय.

पन बसवते का त्याले? रोज दिवस बुडाले पट्टा काढते, कोंडा झटकते, स्टेरिंगवर चढते, दोन्ही हातानं धरते, समोरच्या रस्त्याकडं पाहाते अन् जोरात भोंगा वाजवते.

अन् गावातल्या बाया म्हनतात, चला, गिरणी बंद झाली.