पुठ्ठ्याची ट्रंक

प्रोजेक्टचं कौतुक मला सांगू नका. चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या शाळेत नवीनच लागले होते, तेव्हा मीही हौसेने चौथीच्या मुलांना पुठ्ठ्याचं घर करून आणायला सांगितलं होतं. सगळी फौजींची मुलं. कुणी गच्ची केली, कुणी झोपाळा टांगला. आपल्या साताऱ्याकडच्या एका सुभेदाराची मुलगी मात्र पुठ्ठ्याची काळी ट्रंक घेऊन आली. वर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव.

म्हटलं, “अगं, घर सांगितलं होतं ना?”

मराठी कळायचं तिला, पण उत्तर हिंदीत. “यही तो घर है, मॅम. क्वार्टर तो बदलता रहता है.”

वर्ग हसला, मीही हसले. बदली झाली की ट्रंकेवरचा जुना पत्ता खोडून नवा रंगवतात, एवढं मला ठाऊक होतं. इथे नावाखालचा पत्ता खोडलेला होता आणि पुढे काहीच नव्हतं.

“नवा पत्ता कुठाय? अर्धवट काम मला चालत नाही.”

“पापा नहीं रहे ना, मॅम. अब कहाँ जाना है, मम्मी को भी नहीं पता.”

तोवर मी तिच्या नावापुढे लाल पेनने ‘अपूर्ण’ लिहून मोकळी झाले होते.