ब्रशातले नऊ केस

(फेब्रुवारीतली सकाळ. इंग्लंडमध्ये खडी काढून उरलेलं एक तळं. काठावर घडीच्या खुर्चीत क्लेम, मांडीवर गळांचा डबा. शेजारी उभी त्याची मेव्हणी हिल्डा.)

हिल्डा : बोटं बघ कशी गारठलीत तुझी. किती वेळ ती एकच गाठ मारतोयस?

क्लेम : नऊ वाजल्यापासून. उजेड अडवू नकोस.

हिल्डा : चहा घे आधी. आणि हे बेकनचं सँडविच. काल रात्री जेवलास तरी का?

क्लेम : टोस्ट खाल्ला.

हिल्डा : टोस्टला कुणी जेवण म्हणतं का! ...पाणी काय नितळ आहे रे आज. खडा न् खडा मोजावा.

क्लेम : तीच तर पंचाईत. आपल्याला तळ दिसतो, तसं माशाला सगळं दिसतं. त्यात या गारठ्यात कार्प मासा खातोही कमी. म्हणून गळ बारीक, मक्याचा दाणा एकच. आणि तो गळात ओवायचा नाही, मागे केसावर लटकत ठेवायचा. मासा दाणा ओढतो, गळ आपसूक तोंडात जातो.

हिल्डा : तीस वर्षं ऐकतेय हे. केस म्हणजे दोराच ना तो, दुकानातला?

क्लेम : आता दोरा. आम्ही सुरुवात केली तेव्हा खराच केस लावायचो.

हिल्डा : विसरेन कशी? आमच्या मेव्हिसचं अर्धं डोकं तू उपटलंस. आई म्हणायची, जावयानं गळासाठी बायको केली.

क्लेम : तुझी आई बरंच काही म्हणायची.

हिल्डा : क्लेम, तुझ्या चिमटीत काय आहे ते? दोरा नाही तो.

क्लेम : बाजूला हो म्हटलं ना.

हिल्डा : ब्रश! डब्यात तिचा ब्रश आहे! मी मागितला तेव्हा म्हणालास, हॉस्पिटलात राहिला.

क्लेम : म्हणालो.

हिल्डा : तिथल्या नर्सला मी दोनदा फोन केला, ठाऊक आहे? औषधांनी एक केस उरला नव्हता तिच्या डोक्यावर. हे त्याआधीचे. एवढेच राहिलेत तिचे.

क्लेम : नऊ होते. चार तुटले सकाळपासून.

हिल्डा : आणि उरलेले चिखलात घालणार? एका माशापायी?

क्लेम : त्या दिवशी मी इथेच बसलो होतो, हिल्डा. याच जागी.

हिल्डा : कुठे होतास ते मला चांगलं माहीत आहे.

क्लेम : तिनंच घालवलं मला. म्हणाली, ऊन पडलंय, मासा काठाला येईल, जा एकदाचा. तुझं तोंड बघून कंटाळले.

हिल्डा : सव्वा वाजता गेली ती. तू तीनला आलास.

क्लेम : वर्ष झालं, तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

हिल्डा : शिव्याच आल्या असत्या तोंडात. म्हणून गप्प राहिले.

क्लेम : बाराला उठणारच होतो. तेवढ्यात तो आला. मोठा होता. दाण्यापाशी थांबला, आणि वळला. घाईत मी केसाच्या जागी जाड दोरा लावला होता, तो दिसला त्याला. मला वाटलं, परत येईल. बसून राहिलो. दोन तास, हिल्डा. माशाची वाट बघत.

हिल्डा : हे तू कधी सांगितलं नाहीस.

क्लेम : कुणाला सांगू? ज्याच्यासाठी बसलो, तोही नाही मिळाला. आज एकदा नीट बांधून टाकतो. मग ब्रश तुझा.

हिल्डा : आण इकडे.

क्लेम : घे. पाच आहेत, मोजून घे.

हिल्डा : ब्रश नव्हे, गळ दे. तुला दिसत नाही, हात ऐकत नाहीत, पाचही तोडशील. सांग, कशी मारायची?

क्लेम : दोन वेढे दे. टोक आतून काढ. थांब, ओढू नकोस! आधी ओला कर. कोरडा केस तुटतो.

हिल्डा : तळ्यात बुडवू?

क्लेम : तोंडात धर. मेव्हिस तसंच करायची.

हिल्डा : ...झाला ओला. आता?

क्लेम : हळूहळू ओढ. रडतेयस कशाला? दिसणार नाही तुलाही.

हिल्डा : वारा आहे. ...क्लेम, तिनं विचारलं होतं शेवटी.

क्लेम : काय?

हिल्डा : त्याला मासा लागला का, म्हणून. मी हो म्हणाले.

क्लेम : किती मोठा सांगितलास?

हिल्डा : चाळीस पौंडांचा.

क्लेम : चाळीस! या डबक्यात? तिला पटलं नसणार.

हिल्डा : नाहीच पटलं. हसली. ...हलू नकोस आता, गाठ बसतेय.