मधल्या जागेचा खेळाडू

फुटबॉलचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, नाहीतर मी त्यावर बोलत नाही. ऐंशीच्या दशकात मी सावद्याच्या संघात मैदानाच्या मधोमध खेळायचो. मागून चेंडू घ्यायचा आणि पुढे सलीमला द्यायचा, एवढंच माझं काम. गोल सलीमचे, हारही सलीमच्या गळ्यात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

संघाचा खर्च केळीचे व्यापारी नाना करायचे. धुळ्याच्या अंतिम सामन्याआधी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "याला बाहेर बसवा. चेंडू मिळाला की दुसऱ्याला देऊन टाकतो. एक गोल नाही याच्या नावावर!"

मला राहवलं नाही. "नाना, तुमच्या बागेत घड कापणारा वेगळा, वाहणारा वेगळा, ट्रकमध्ये रचणारा वेगळा. मग रचणारा एकटाच काम करतो का?"

"मला भरलेला ट्रक दिसतो," नाना म्हणाले.

मी बाहेर बसलो. सलीम पुढे कमरेवर हात ठेवून चेंडूची वाट बघत राहिला. आम्ही हरलो. परतताना जीपमध्ये नाना माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणतात कसे, "या सलीमनं घात केला रे. पुढच्या वेळी त्यालाच बसवू!"