मंत्र्याच्या हाताआधी

मावल्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहाचं तुमाले सांगतलं का नाई? बिल्डिंग नवीकोरी, मी तिथं इलेक्ट्रिकचं काम पाहून राह्यलो होतो. दुसऱ्या दिवशी मंत्रीसाहेब बटन दाबून पाण्याची मोटर चालू करणार होते. बिल्डिंग बांधणाऱ्या गुत्तेदार सेठनं त्या बटनाले, नळायले, दिव्यायच्या बटनायले, साऱ्यायले लाल फिती बांधून ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "सेठ, आज एकदा चालवून पाहू."

"मंत्र्याच्या हाताआधी? अपशकुन होते ना!"

"अन् उद्या नाई चालली तं?"

सेठ इचारात पडले. "चालवा. पण मी पाहणार नाई."

अन् बाहेर भिंतीला लागून मांडलेल्या स्टेजवर, मंत्र्याच्याच खुर्चीत, पाठ करून बसले.

मोटर झकास चालली. टाकी भरेपर्यंत सेठले डुलकी लागली. मग टाकीतलं जास्तीचं पाणी बाहेर काढणाऱ्या पायपातून जी धार सुटली, ती सरळ त्यायच्या डोक्यावर! पायपाचं तोंड नेमकं खुर्चीच्या वर आहे, हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

 मले वाटलं, गेली नोकरी.

सेठनं मिशा पुसल्या. खुर्चीकडं पाह्यलं, वर पायपाकडं पाह्यलं, अन् हात जोडले.

"वाचलो रे बाबा! सोडा त्या साऱ्या फिती. अजून काय काय चालवून पाहाचं राह्यलं?"