हाकलायची यादी

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन जावा बसल्या होत्या. थोरली वैतागली होती.

“रोज सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसते. देवा, काय करू ते सांग, म्हणते. पण तो तोंड उघडेल तर शपथ!”

“लक्ष लागत नसेल, ताई.”

“कसं लागणार? नाही नाही ते डोक्यात येतं. म्हणून आता कागदावर उतरवते आणि हाकलून देते. हे वाच.”

“‘सोमवार: गॅस बंद केला का? दादाचं ऑपरेशन. मंगळवार: वरच्या मजल्यावरचं ड्रिल. दादाला डबा कोण नेत असेल? बुधवार: दादा. गुरुवार: दादा.’”

“बघ ना, तोच मेला रोज मध्ये कडमडतो!”

“भावाशी तीन वर्षं अबोला आहे ना तुमचा?”

“नावही काढू नकोस.”

“आणि देवाला विचारता काय?”

“हेच की बाबा, जिवाला चैन नाही, काय करू? तर एक अक्षर नाही!”

“ताई, फोन काढा.”

“कशाला? त्याचा नंबर मी कधीच खोडून टाकलाय.”

“पाठ असेल की.”

“…आहे गं पाठ.”