रिकाम्या गाडीचं वजन

नांदेडला गाड्यांखाली स्प्रिंगचे कमानपाटे बसवणाऱ्या वीरभद्र मिस्त्रीकडं निवृत्ती आपली ट्रॉली घेऊन थांबला होता. कान मात्र शेजारच्या पिकअपपाशी होते. तिथं आनंदराज अन् त्याची म्हातारी आत्या उभी होती.

“मिस्त्री, लातूरहून विहारासाठी दगडाची बुद्धमूर्ती आणायचीय. गाडी पेलंल का?”

“मागं दोन्हीकडं एकेक पाटा वाढवतो, पेलंल. पण जाताना रिकामी लई उडंल. एकाची अशीच गतिरोधकावर उडाली, तर डायव्हर पुढच्या गावात उतरला.”

“ऐकलं का, आत्या? म्हणून म्हणतो, तू घरीच थांब.”

“मूर्तीसाठी दारोदार मी फिरले, अन् आणायला तू जाणार व्हय रे? मिस्त्री, पुढच्या सीटवर बी तेवढेच दणके बसतेत का?”

“न्हाई, आत्याबाई, पुढं कमी. अन् मागं जरा वजन टाकलं, की गाडी शांत चालती.”

“मग मी पुढं बसते. वजन म्हणून आनंदराज मागं.”

“अन् गाडी कोण चालवणार?”

“तुझी बायको. गाडी तिचीच हाय, अन् तुझ्यापरीस नीट चालवती.”

“मिस्त्री, तुम्ही तरी सांगा की हिला.”

“सांगतो. आत्याबाई, ह्या एकट्यानं भागणार न्हाई. अजून दोघं जाडजूड बघा.”