साहेबांचं जाकीट

—आवं बसा की, वीरधवलदादा. परवा विमान हाय, ठाव हाय मला. दिल्लीस्नं सा खासदार परदेशाला निघाल्यात, त्यात आपलं साहेब — आन् अंगात जाकीट कुणाचं, तर ह्या सिकंदर टेलरचं. व्हय, शिवून झालंय. बारा वर्षं शिवतोय, तुमी पीए माणूस, कापड टाकून गेलात की झालं, माप घ्यायचीबी गरज न्हाई.

उन्हाळ्यात साहेब संसदेत बोलले, ते आमी दोघांनी मोबाइलवर बघितलं — मी आन् आमची घरधनीण, रहिमतबी. काय बोलले ओ — शेजारच्या देशाशी बोलणं तोडू नका, पण नमतंबी घेऊ नका, आखातातल्या आपल्या पोरांकडं बघा, आपली औषधं चाळीस देशांला जात्यात. माझा ऊर भरून आला. आन् हिचं ध्यान कुठं? साहेबांच्या अंगातल्या आपल्या जाकिटाच्या काजांवर. 'बघा, कशी नीट बसल्यात,' म्हणली. काज-बटण तिचंच ना — मी कापायचं, शिवायचं, काजं ती हातानं करायची.

मग गावात सभा झाली, तवाबी तेच जाकीट. साहेब म्हणाले, आता सापाची लस गावच्याच दवाखान्यात, कराडला पळायला नगं. टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, पयली माझीच वाजली.

म्हणून तर — न्हाई, राहू द्या. च्या घेणार? — सरपण काढताना हिला घोणस चावली, दादा. शेजारचे लालासाहेब फौजी जीप घेऊन दारात हुबं, म्हणले, सिकंदर, थेट कराड. मी म्हणालो, कशाला, गावात लस हाय की, साहेबांनी सांगितलंय. ते म्हणले, डोळ्यानं बघितलीस का? मी त्यांच्यावरच खेकसलो. ही म्हणली, 'तुमी म्हणताय तर आसंल.' दवाखान्यात फ्रीज होता, साहेबांच्या फंडातला, नवा कोरा — आत लहान पोरांचे डोस आन् पाण्याच्या बाटल्या. नर्सबाई रडकुंडीला आलेली, मला दोनदा उघडून दाखवला. फोनाफोनीत पाऊण तास गेला. कराडला डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का केला?

साहेबांवर राग? हाय की. न्हाई कसा. पण साहेब बोलून गेले ओ, ते सतरा गावांत बोलतात. जीप कुठं वळवायची ते मी सांगितलं. रातध्याड तेवढंच डोक्यात फिरतंय, दुसरं काय सुचत न्हाई.

घ्या, हे घ्या. घडी मोडू नका. बघताय काय आसं — व्हय, काजं न्हाईत. तुमी कापड टाकलं तवा ती होती. परवा तिचा चाळीसावा दिवस झाला, तवापास्नं दोनदा सुई घेऊन बसलो, हात चालला न्हाई. बटणं खिशात पुडीत घातल्यात. दिल्लीत मशीनवर कोणबी काजं पाडून दील.

साहेबांस्नी काय सांगू नका. जावा आता, मला शटर ओढायचंय.